दोनच पेले

दुसरा पेला रिकामा करून कमळने तो बाजूला सरकवला आणि घसा खाकरला. कोणीतरी डीजे बंद केला. अंजूर गावात हळद कोणाचीही असो, धवले म्हणायला कमळच लागे. लग्नाची ही गाणी तिने सासूकडून घेतली होती, आणि तीस वर्षांत एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. धवलारणीला गाण्याआधी दारू द्यायचा रिवाज. कमळ दोन पेले घेई, कमी नाही आणि जास्तही नाही. त्यावर ती तीन-चार तास गाई आणि आपल्या पायांनी घरी जाई.

आजही दोनच झाले होते. पण दुसरा पोटात उतरतो न उतरतो तोच तिच्या मानेतून गरम वाफ वर चढली. पाळी गेल्यापासून असं व्हायचंच. वाफ यायची आणि जायची. ही मात्र गेली नाही. समोरच्या बायांचे चेहरे एकमेकींत मिसळायला लागले. भाकरी खाऊन आलेय मी, तिने मनात म्हटलं.

पाटावर यजमान रामनाथचा धाकटा मुलगा दीपेश बसला होता. त्याची आई चंद्रा हळदीची वाटी घेऊन वाकली. कमळने डोळे मिटले. मिटल्यावर तरी सगळं जागेवर राहील असं तिला वाटलं.

"पाटाव बसला गो धनेश नवरा," तिने सूर लावला.

मागच्या बायांनी सवयीने ओळ उचलली. धवलारीण म्हणेल ते मागे म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक. वीस गळ्यांतून धनेशचं नाव मांडवभर गेलं.

धनेश म्हणजे दीपेशचा थोरला भाऊ. त्याची हळद कमळनेच गायली होती, याच अंगणात, पाच वर्षांपूर्वी. गेल्या वर्षी गोदामांच्या रस्त्यावर तो ट्रेलरखाली गेला.

कमळला काहीच उमगलं नाही. गळा छान मोकळा लागला होता. "उन्नती नवरीला धारा गो उष्टी हलद," नवऱ्याची उरलेली हळद नवरीकडे धाडायची ओळ ती पुढे म्हणाली.

या वेळी मागून आवाज आला नाही.

तिने डोळे उघडले. चंद्राची हळदीने भरलेली बोटं दीपेशच्या गालाजवळ तशीच थांबली होती. बाया स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. तिथे धनेशची बायको उन्नती उभी होती. हळदीपाशी येऊ नकोस, असं तिला सकाळीच सांगितलेलं. ती आत भाकऱ्या थापत होती. हाताला पीठ होतं. नाव ऐकलं म्हणून दारापर्यंत आली होती.

रामनाथ पुढे आला. "कमळला मागं न्या," तो हळू आवाजात म्हणाला. "किती पाजली हिला?"

"दोनच घेतले रं," कमळ म्हणाली. शब्द तोंडात चिकटत होते. उठताना तिचा पाय वळला आणि ती चंद्राच्या अंगावर गेली. वाटी उपडी झाली. मागच्या दोन बायांनी तिला काखेत हात घालून धरलं. मागून एक बाई म्हणाली, "बेवडी झाली ही." आवाज ओळखीचा होता, पण कोणाचा ते तिला सांगता येईना.

मागच्या पडवीत रामनाथच्या आईने, आक्काने, तिला भिंतीला टेकवून बसवलं. आक्का सत्तरीची. मघाशी देवापुढे दाखवून दोन्ही पेले तिनेच कमळच्या हातात दिले होते.

"तुजी पाळी जाऊन किती झाला?"

"दोन वर्सां. त्याचा काय?"

"माजा पन असाच झाला व्हता. पन्नाशी आली का बाईच्या अंगाला झेपत न्हाय गो. पेला तोच, पन दुप्पट चढतो. पुतन्याच्या बारशाला पोर माज्या हातातून सुटला. तवापासून मी दारूला शिवली न्हाय."

"मना कोनी सांगितला न्हाय."

"कोन सांगनार? असला काय बाया बोलतात?"

"मंग तू तरी दोन कशाला दिलेस?"

आक्काने तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "धवलारणीचा मान हाय तो. माज्या हातानं कसा कमी करू?"

मांडवात तुळजाने धवला पहिल्यापासून धरला. दोन वर्षं ती कमळच्या मागे बसून म्हणत होती. पुढच्या हळदीला तिलाच बोलावतील, हे कमळला बसल्या जागी कळलं. आतून कोणीतरी हाक मारली तशी आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि गेली.

उन्नती लिंबूपाणी घेऊन आली. कमळने हात जोडले.

"माफ कर गो पोरी. जीभ वलली."

उन्नतीने पेला तिच्या पुढ्यात ठेवला. ती आत जाईल असं कमळला वाटलं होतं. पण उन्नती तिच्या शेजारीच भिंतीला टेकून बसली. हातावरचं पीठ सुकून तडकलं होतं, ते ती नखाने काढत राहिली.

"वरीस झाला, या घरात त्यांचा नाव कोनी काढत न्हाय," ती म्हणाली. "आज निघाला, तं तुमाला उचलून मागं आनला."