संपातली गोष्ट

संपावर गेलो म्हणून खाणमालकाने आम्हाला खाणीच्या घरांबाहेर काढलं. केंटकीच्या त्या डोंगरात यंदाचा ख्रिसमस तंबूतच होता. दुपारी ओर्लीना मावशीने फिडल वाजवायला घेतली, तोच मालकाचा पहारेकरी वायली बंदूक घेऊन आला.

"मावशी, गाणंबजावणं बंद. मालकांचा हुकूम आहे."

"बरं बाबा, बंद." मावशीने फिडल खाली ठेवली. "गोष्टीला तर बंदी नाही ना?"

वायली गडबडला. तसा हुकूम काही नव्हता.

मावशीने राक्षसाची गोष्ट काढली. हा राक्षस माणसांना डोंगराच्या पोटात राबवायचा आणि वर त्यांच्याच चुली विझवायचा. मावशीने त्याची चाल करून दाखवली, त्याचं खाकरणं करून दाखवलं. सगळं हुबेहूब मालकाचं! बायका ओंजळीत तोंड लपवून हसायला लागल्या. वायलीलाही हसू आवरेना. लहानपणी तोही मावशीच्या चुलीपाशी बसूनच गोष्टी ऐकायचा.

गोष्टीच्या शेवटी सगळं गाव राक्षसाच्या दारात येऊन उभं राहिलं, आणि मावशी तिथेच थांबली. शांतपणे पाइपमध्ये तंबाखू भरू लागली.

वायलीला राहवेना. "अगं, मग राक्षसाचं काय झालं?"

"ते उद्या सकाळी कळेल, खाणीच्या फाटकावर. आम्ही सगळे येतोय," मावशी म्हणाली. "तू फाटकाच्या कुठल्या बाजूला असशील, तेवढं सांग."