सगळी पेठ आपलीच

शिवाजी पेठेतल्या व्याख्यानमालेत कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांवर भाषण झालं. अध्यक्ष अमरसिंह समारोपाला उठले ते लालबुंद होऊनच. "शेजारी शेजाऱ्यावर पाळत ठेवतोय, नवरा बायकोच्या खबरा पुरवतोय! थू असल्या जिनगानीवर! आपल्यात चालायचं न्हाय!" समोर बसलेल्या त्यांच्या लेकीनं, संयोगितानं, हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या.

घरी चपला काढायच्या आतच ते गरजले, "काल रंकाळ्यावर त्या पोराबरोबर भेळ खात हुतीस न्हवं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, आबा?"

"भेळवाला बोलला, तालमीच्या पोरांनी फोटोबी धाडला. सगळी पेठ आपलीच हाय!"

संयोगिताच्या डोक्यात तिडीक गेली. "त्या सरकारला निदान खबरे नेमावे तरी लागत हुते."