कोऱ्या सोडलेल्या दोन ओळी

साठ वादकांच्या त्या रचनेत मी प्रत्येकाला स्वर न् स्वर लिहून दिला होता. फक्त क्लॅरिनेटवाल्या काकांच्या कागदावर मधल्या दोन ओळी कोऱ्या होत्या. "इथे तुम्हाला सुचेल ते वाजवा," असं मी मोठ्या मनाने सांगितलं होतं. खरं तर तिथे मलाच काही सुचत नव्हतं, पण ते कोणाला कशाला सांगायचं?

काका दर तालमीला वेगळंच काहीतरी वाजवायचे आणि विसरून जायचे. एका मंगळवारी मात्र त्यांनी असं काही वाजवलं की मागच्या रांगेतला ड्रमवाला काठ्या खाली ठेवून ऐकत बसला. माझा फोन रेकॉर्डिंगला लावलेलाच होता. घरी जाऊन मी ते जसंच्या तसं उतरवलं, त्या दोन ओळींत भरलं आणि नवा कागद काकांच्या हातात ठेवला. "आता असंच वाजवायचं, काका. पदरचं काही घालू नका." कागदाच्या कोपऱ्यात रचनाकार म्हणून माझं नाव होतंच.

कार्यक्रमात टाळ्या पडल्या त्या नेमक्या त्या दोन ओळींना. मी कमरेत वाकलो. लोकांना तो नम्रपणा वाटला. मला फक्त काकांची नजर चुकवायची होती.

पडदा पडल्यावर काका क्लॅरिनेट पुसत माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले,

"पंधरा दिवस घरी घोटत होतो, तरी आज एक स्वर निसटलाच. माफ करा, सर. असलं काही मला जन्मात सुचलं नसतं."