हमी कोण देणार?

"कागद दावा, बाई," हवालदार आकाराम म्हणाले.

कोल्हापूरच्या दसरा चौकात स्वेटर मांडून बसलेल्या सोनमनं पिशवी उघडली. सोनम तिबेटी. पोर कडेवर होतं तेव्हापासून दर थंडीपुरती इथं येते, मग कर्नाटकात मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत परत.

आकाराम खमका माणूस. कागद तपासताना सख्ख्या भावाचीही गय करणार नाही. सीमा नुसती डोंगरात राखायची नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नोंदणीची मुदत संपलीय."

"नव्यासाठी अर्ज केलाय, साहेब. ही पावती."

"चालंल. पण इथल्या कुणाची तरी हमी लागंल. न्हायतर सांजंला दुकान उचला."

शेजारी माकडटोप्या चिवडत उभा असलेला बाळासो हसला. हा मुरगूडचा. त्याचा संग्राम लडाखला, फौजेत. ह्याच बाईकडनं टोपी घ्या, रंग तिथनंच व्हिडिओवर दाखवा, असं पोरानं बजावलेलं, म्हणून आलेला. देशप्रेम पोत्यानं, आणि पोत्याचं तोंड कायम उघडं.

"नीट तपासा, हवालदार. तिकडं पोरं बर्फात गोठत्यात आन् हितं कुणीबी दुकान मांडतंय. बाई, तुमचं पोरगं काय करतंय?"

"थंडीत असतंय."

"स्वेटर इकाय?"

सोनम घड्या घालत राहिली.

"थंडी आमच्या संग्रामला इचारा. बर्फाच्या भेगंत गेलता. जोडीदारानं दोर लावून वर काढला, रातभर अंगाशी धरून ऊब दिली." बाळासोनं हातातली टोपी खाली ठेवली. "अस्सल कोल्हापुरी बोलतंय ते पोरगं. आपल्यातलंच कुणाचं तरी. त्याची आई घावली तर पाय धुऊन पाणी पिईन."

"मग द्या की ह्या आईची हमी," आकाराम म्हणाले.

"परक्या माणसाची? न्हाय जमायचं."

आकारामांनी मान हलवली. सोनम खोकी भरायला लागली.

बाळासोनं फोन लावला. पडद्यावर संग्राम आला.

"ही लाल बघ."

"टोपी ऱ्हाऊ द्या, आबा. फोन बाईंच्याकडं फिरवा."

बाळासोनं का ते न कळताच फिरवला. सोनमचे हात खोक्यातच थांबले.

तिकडं संग्राम बाजूला झाला. बर्फानं गाल काळवंडलेला एक जवान पुढं आला आणि म्हणाला, "आबा, फोन जरा खाली धरा की. आईचं तोंड दिसंना झालंय."