पाच नमस्कार

"सर, चालू झालं बघा!" ऋजुताने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ब्राउझरच्या खिडकीत माझा पंचवीस वर्षांपूर्वीचा संगणक जसाच्या तसा जिवंत झाला होता, आणि त्यात मी बनवलेली कीर्तनाची सीडी. टाळांच्या चित्रावर टिचकी मारली की वामनबुवा गजर धरत. पण बुवांच्या आधी पडद्यावर मीच आलो, फेटा बांधून. खाली बटण लुकलुकत होतं : 'निर्मात्यास पाच नमस्कार करा.' त्याशिवाय कीर्तन सुरूच होत नसे.

"एवढं पान काढ गं," मी कळवळून म्हणालो. "थेट बुवांपासून लाव."

"नाही हो सर. जतन करायचं तर मूळ आहे तसंच. माझ्या प्रबंधातल्या संदर्भावर टिचकी मारली की वाचकापुढे हेच उघडणार. तुम्हाला नको असेल, तर सगळंच काढून टाकते."

बुवांना जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांचा आवाज या सीडीखेरीज कुठेच उरलेला नाही. पांडुरंगा, म्हणत मी परवानगीच्या कागदावर सही केली आणि स्वतःलाच नमस्कार घालायला बसलो.

चौथ्या नमस्काराला आठवलं. सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा बुवांनीही भर मंडळींत निमूटपणे पाच वेळा बटण दाबलं होतं, आणि हात जोडून विचारलं होतं, "मास्तर, आता मी गाऊ का?"

बुवांचा विनय म्हणून ही गोष्ट मी आजवर गावभर सांगत आलोय.