राखून ठेवलेला नंबर

सम्यकची नजर पंपावरून हलत नव्हती. त्यावरचा हिरवा आकडा बदलला की तो पुढे वाकून वाचायचा. आकडा बरोबरच असायचा. मग तो श्वास सोडायचा आणि पुन्हा बघत बसायचा.

परळच्या हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात, त्याची आई बकुळा काल भरती झाली होती. तिच्या नसेत थेंबाथेंबानं औषध सोडणारा पंप वॉर्डाच्या नेटवर्कला जोडलेला होता. नेमक्या ह्याच बनावटीच्या पंपांच्या सॉफ्टवेअरमधली खोट सम्यकनं शोधून काढली होती. नेटवर्कमध्ये शिरलेला कुणीही बसल्या जागी डोस वाढवू शकत होता.

अशा प्रत्येक खोटीला जगभरात एक नंबर देतात. आधी तो नुसता राखून ठेवतात. कंपनीला उपाय सापडला की नंबर जाहीर होतो, आणि शोधणाऱ्याचं नाव लागतं. तोवर त्यानं तोंडाला कुलूप लावायचं. सम्यकसाठी असा नंबर राखला होता. लालबागच्या चाळीत त्याच्या वडिलांनी तेवढ्यावर पेढेही वाटले. बाळ जन्मायच्या आधीच बारसं!

काल पंप दिसताच सिस्टरला सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोललो आणि बाहेर फुटलं तर नंबर जाईल, नाव जाईल. नव्या नोकरीची बोलणी त्या नावावरच चालली होती. शेवटी त्यानं स्वतःच पहारा धरला. धड जेवला नाही, पाठ टेकली नाही. अख्खा वॉर्ड त्याच्यावर खूश.

"असा मुलगा मिळायला नशीब लागतं हो, मावशी," सिस्टर अक्षता बकुळाला म्हणाली.

दुपारी मेल आला. नंबर रद्द. हीच खोट गिरगावच्या कुणा सुरुचीनं त्याच्या आधी कळवली होती, आणि एका खोटीला दोन नंबर चालत नाहीत. तिचा नंबर आजच जाहीर झाला होता, नावासकट. सम्यकला भडभडून आलं. बापाला काय सांगायचं?

तेवढ्यात अक्षता लगबगीनं आली आणि एकेका खाटेपाशी जाऊन पंपाची नेटवर्कची वायर उपटू लागली.

"काय झालं गं?" बकुळानं विचारलं.

"कंपनीचा अर्जंट मेसेज आलाय, मावशी. बाहेरून कोणपण डोस बदलू शकतं म्हणे. वायर काढली की झालं, मग टेन्शन नाय."

बकुळाच्या पंपाची वायर निघाली. सम्यकला एकदम हलकं वाटलं. नंबर गेला तर गेला, आई तर वाचली. त्यानं तिचा हात धरला.

"मला माहीत होतं, आई. म्हणून तर कालपासून तुझ्या पंपावर डोळा ठेवून बसलोय."

बकुळानं त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून समोरच्या खाटांकडे पाहिलं.

"आणि ह्या बाकीच्या बायांच्या पंपांवर कोण डोळा ठेवून होतं रे?"