अठ्ठ्याहत्तर वॅट

“पंखे चार, पंचाहत्तरने तीनशे,” केरू वायरमन म्हणाला. “दिवे सगळे मिळून ऐंशी. फ्रिज दोनशे. पुढं सांगा, वैनी.”

वासंतीने पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. “तुम्हीच लिहा. माझं अक्षर हल्ली लागत नाही.”

“वीस वर्षं शाळेत फळ्यावर गणितं लिहिली हिनं,” झोपाळ्यावरून तिचा नवरा यज्ञेश म्हणाला. “आता चहा देते तर अर्धा बशीत. पण दर महिन्याला पालीला बहिणीकडे जायला मात्र अंगात जोर असतो.”

स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसण्याची त्याला सवय होती. त्यामुळे इतरांना ती तसदी घ्यावी लागत नसे.

पडवीत आप्पा, यज्ञेशचे वडील, ऊन खात बसले होते. न्यूमोनियातून उठून घरी येऊन त्यांना पंधरवडा झाला होता. मांडवीतल्या या घराचा वीजभार मोजायला वासंतीने माणूस बोलावला, तो कुणासाठी, हे विचारण्याची गरज कुणाला भासली नाही. घरात आजारी पडण्याचा मान वयाच्या क्रमाने मिळतो.

टीव्ही, मिक्सर, पंप, गीझर, एसी. बेरीज पाच हजार सहाशे तीस झाली.

“सगळं काय एकदम चालत नाय, म्हणून आम्ही साठ टक्के धरतो,” केरू म्हणाला. “तेहेतीसशे अठ्ठ्याहत्तर. तुमचा मंजूर भार चार हजार. झालं की.”

“आता मशिनं मांडा. व्हेंटिलेटर, ऑक्सिजनचं, कफ ओढायचं, हवेची गादी. सातशे वॅट.” आकडे तिला पाठ होते.

“त्यांचेही साठ टक्के धर,” यज्ञेश म्हणाला. “चार हजारांत बसतं.”

“श्वासाचे साठ टक्के धरता येत नाहीत. सातशे पुरते लिहा.”

केरूने बेरीज केली. “चार हजार अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर वॅटनं अडलं. एसी काढला तर...”

“एसी राहील,” यज्ञेश म्हणाला. मग वडिलांना ऐकू जाऊ नये इतपत मायेने त्याने आवाज खाली आणला. “पंच्याऐंशी वय. असं किती दिवस चालायचंय?”

“फार तर दीड वर्ष.”

“दीड वर्षासाठी एवढा खटाटोप?”

“हो. केरू, पाच किलोवॅटचा अर्ज करा. आजच.”

पडवीतून आप्पा म्हणाले, “मला नको गो ती यंत्रं. सोमवारी मी जेटीवर फिरायला जाणार.”

“जा की, आप्पा,” वासंती म्हणाली. “नक्की जा.”

ती केरूला माजघरात घेऊन गेली. यज्ञेश मागोमाग आला.

“पलंग इथे, या भिंतीला. इथून स्वयंपाकघर दिसतं.”

“आप्पांना स्वयंपाकघर कशाला बघायचंय?” यज्ञेशने विचारले.

“मीठ कुठं असतं हे या घरात कुणाला ठाऊक नाही.”

यज्ञेश हसला. केरूने भिंतीवर खूण करायला खडू काढला. “बेलचं बटण उजवीकडे घेतो.”

“डावीकडे. नुसतं बोट टेकलं तरी वाजलं पाहिजे.”

“आप्पा उजवे ना?”

“डावीकडेच.”

तिचा उजवा हात मघापासून पदराखाली होता. केरूने वाद घातला नाही. डावीकडे फुली मारली. “अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडू या, वैनी. काम लवकर सरकतं, असा माझा अनुभव.”

खुंटीवर तिची प्रवासाची पिशवी होती. तिने डाव्या हाताने तिच्यातले पाकीट काढून त्याला दिले. पाकिटावरचा शिक्का आधी यज्ञेशने वाचला.

“कोल्हापूर? आप्पा तर गेल्या दहा वर्षांत इथल्या हातखंब्याच्या तिठ्यापुढं गेलेले नाहीत.”

केरूने कागद उलगडला आणि अक्षर लावत मोठ्याने वाचू लागला, “श्वसनाचे स्नायू क्रमाने निकामी होत आहेत. घरी व्हेंटिलेटरची आवश्यकता भासेल. रुग्णाचे नाव, सौ. वासंती यज्ञेश बेहेरे. वय एकोणपन्नास.”